सीटखालचा ठोका

जगातला सगळा आवाज एका लाकडी पेटीत कोंबता येतो, ती पेटी गाडीच्या सीटखाली सरकवता येते आणि वर पुन्हा चार सवाऱ्या बसवता येतात, अशी मनापासून श्रद्धा असलेला माणूस पृथ्वीवर आजवर एकच झाला, आणि तो नेमका आमच्या घराण्याला जावई म्हणून लाभला. माझ्या धाकट्या बहिणीचा, कुंदाचा नवरा. आईवडील गेल्यानंतर कुंदाचं माहेर म्हणजे मी. त्यामुळे या गृहस्थांना 'जावईबुवा' म्हणायचं, आले की आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचा आणि त्यांच्या मूर्खपणाकडे हसऱ्या चेहऱ्याने पाहायचं, ही तिन्ही कामं माझ्याकडे आली. पहिली दोन मी नीट केली. तिसऱ्यासाठी लागणारा चेहरा माझ्याकडे नव्हता. दिग्रसच्या एका शाळेत मी मुख्य लिपिक. सकाळी उठल्यावर वहीत दिवसभराच्या कामांची यादी करायची आणि काम झालं की त्यावर काट मारायची, ही माझी सवय. त्या वर्षांत माझ्या यादीची पहिली ओळ रोज एकच असायची: 'जावईबुवांना पुन्हा फिटरचं काम.' तीन हंगाम गेले, दोन वह्या संपल्या, पण त्या ओळीवर काट काही बसली नाही.

हे गृहस्थ वीस वर्षं गावातल्या जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी काढणारी ती यंत्रं दिवाळीपासून होळीपर्यंत चालायची आणि त्यांची धडधड साऱ्या गावाला असायची. आमच्या शाळेच्या कार्यालयात टेबलावर ठेवलेल्या पाण्याच्या पेल्यात बारीक लाटा उठायच्या. जावईबुवा संध्याकाळी घरी येत ते भुवयांवर, मिशांवर, कानाच्या केसांवर रुई घेऊन. पन्नाशीच्या आतच म्हातारे झाल्यासारखे दिसत आणि आंघोळ झाली की पुन्हा तरुण होत. मग कापसाचे वाईट दिवस आले. भाव इतके पडले की लोकांनी कापूस बाजारात नेण्याऐवजी घरात रचून ठेवला. आवक आटली, मालकाने यंत्रं विकली, दाराला कुलूप लागलं. जावईबुवांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि दिग्रस ते दारव्हा सवाऱ्या मारायला लागले. कुंदाला हे मान्य नव्हतं. तिचं एकच म्हणणं, "ताई, त्याईले फिटरच राहू दे व. मशीनपाशी उभे असले की कसे ताठ दिसे. गाडीत बसले की पोत्यावानी दिसते." माझ्या यादीतली पहिली ओळ ही अशी कुंदाच्या तोंडून आलेली होती. त्या तीन वर्षांत दोन ठिकाणांहून फिटरसाठी निरोपही आले, एक बाभुळगावकडून आणि एक पुसदकडून. दोन्ही वेळा जावईबुवा म्हणाले, "पाहू ना, ताई. आधी गाडीचं काम होऊ द्या." गाडीचं काम म्हणजे इंजिनचं काम, असं एखाद्या सरळ माणसाला वाटेल. गाडीचं काम म्हणजे ठोका.

ठोका हा त्यांचाच शब्द. गाण्यातला जो खालचा, जाड, पोटात बसणारा आवाज, ज्याला शहाणे लोक बेस म्हणतात, तो. बाकी गाण्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. कोण गातं, काय गातं, देवाचं आहे की लग्नातलं, याची त्यांना पर्वा नसे. "ताई, शब्द कोणाले पाह्यजेत? शब्द तर सवाऱ्याच बोलून राह्यल्या," असं ते मला समजावून सांगत. एकदा आमच्या शाळेतल्या एक शिक्षिका त्यांच्या व्हॅनने दारव्ह्याला गेल्या. गाव सुटलं न सुटलं तोच सीडी अडकली आणि गायक एकाच शब्दावर आला. तो शब्द पार दारव्हा येईपर्यंत त्याने सोडला नाही. सवाऱ्या आधी हसल्या, मग वैतागल्या, मग एकीने कानात पदराचा बोळा घातला. जावईबुवा मात्र मान डोलावत गाडी हाकत होते. शेवटी मागच्या माणसाने त्यांच्या खांद्यावर थाप मारून ओरडून सांगितलं, तर म्हणाले, "अडकली काय? मले वाटलं, आज ठोका लय बराबर पडून राह्यला." ही हकिकत बाईंनी मला सांगितली तेव्हा मी लाजेने खाली मान घातली आणि संध्याकाळी वहीत वेगळं पान काढलं. वर लिहिलं, 'जावईबुवा: तक्रारी'. पहिली नोंद सीडीची. दुसरी: 'उतरायचं म्हणून ओरडलं तरी गाडी थांबवत नाहीत. खांद्याला हात लावावा लागतो.' तिसरी: 'भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतात.' ते पान पुढे भरत गेलं. गाडीत एवढा आवाज केल्यावर दुसरं काय होणार, असा शेरा मी खाली मारून ठेवला होता आणि माझ्या शेऱ्यावर मी खूश होते.

आता ठोका हवा तर स्पीकर मोठा हवा, स्पीकर मोठा तर पेटी मोठी हवी आणि पेटी मोठी तर जागा हवी. जागा हीच तर व्हॅनमध्ये नव्हती. इंजिन पुढच्या सीटखाली, स्टेपनी मागे, मध्ये समोरासमोर दोन बाकं आणि त्यांच्यात सवाऱ्यांचे गुडघे एकमेकांत अडकलेले. बसस्टँडजवळ इस्माईलभाईंचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. अतिशय सभ्य, हळू बोलणारा, चष्मा कपाळावर ठेवून काम करणारा माणूस. त्यांनी जावईबुवांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "भाऊ, हे हवेचं काम हाय. पेटीत हवा पाह्यजे, तवाच ठोका येते. आठ इंची स्पीकरले कमसे कम वीस लिटर जागा द्या. तुमच्या सीटखाली तर दहाची बी नाही. काहून जिवाले त्रास देऊन राह्यले?" इतकं स्पष्ट सांगितल्यावर कोणीही शहाणा घरी गेला असता. जावईबुवा घरी गेले खरे, पण कुंदाच्या स्वयंपाकघरात गेले आणि ज्वारी मोजायची पायली घेऊन बाहेर आले. सीटखालच्या जागेत बसेल अशी प्लायवूडची पेटी त्यांनी स्वतः ठोकली होती, चपटी, लांबट, बाळंतविड्याच्या ट्रंकेसारखी. तिच्यात ज्वारी भरून ती किती भरते ते मोजणं चाललं होतं. मी गेले तेव्हा ओसरीवर ज्वारीचा सडा पडलेला आणि हे मला विचारतात, "ताई, एका पायलीत लिटर किती बसते?" मी अशा फालतूपणात पडत नाही. पण पायलीचं माप लिटरमध्ये माहीत नसणं हेही मला सहन होण्यासारखं नव्हतं. त्यामुळे दुधाचं माप मागवून, पायलीत पाणी ओतून, तीनदा मोजून मी त्यांना आकडा काढून दिला. पेटी अकरा लिटरची निघाली. वीसला नऊ कमी. जावईबुवांनी पेटीकडे असं पाहिलं, जसं काही तिनेच त्यांना फसवलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस व्हॅन खड्ड्यात आदळली की पेटीतून ज्वारीचे चार दाणे खुळखुळत.

त्यात त्या वर्षी अधिक महिना आला. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, धोंड्यांचं जेवण घालायचं, तेहतीस अनारसे दिव्यासह तबकात घालून वाण द्यायचं आणि वर काहीतरी आहेर करायचा, ही रीत मी मोडणं शक्य नव्हतं. आईच्या जागी मी होते. महिनाभर आधी यादी करून मी कुंदाकरवी विचारलं, जावईबुवांना काय हवं, शर्टाचं कापड की तांब्याचा तांब्या? निरोप आला, आठ इंची स्पीकर. मी तो निरोप दोनदा वाचला. आयुष्यभर ज्या खुळाची मी निंदा करत आले त्या खुळाला मीच हळदकुंकू लावून द्यायचं! पण जावयाने मागितलेलं नाकारणं मला जमलं नाही. म्हणजे जमलं असतं, पण रीत आडवी आली. इस्माईलभाईंकडून स्पीकर आणला. तबकात अनारसे, अनारशांवर दिवा, आणि शेजारच्या पाटावर तो काळा, गोल, बिनजाळीचा स्पीकर, त्यालाही कुंकू. शेजारच्या काकू पाहायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माय वं! हे काय नवं वाण?" जावईबुवांनी एक अनारसा तोंडात टाकला, स्पीकरच्या कागदी पडद्यावर हलकेच बोट टेकवलं आणि अशा प्रेमाने पाहिलं की मला काही वेळ कुंदाची कीव आली.

पेटीत स्पीकर बसला, पेटी सीटखाली बसली, पण सीट चार बोटं वर आली. त्यामुळे मागच्या बाकावरच्या उंच सवारीचं डोकं छताला टेकायचं आणि बुटक्यांचे पाय लोंबकळायचे. एक म्हातारी बसताबसता म्हणाली, "बाप्पा, हे गाडी हाय का पाळणा?" एवढं करूनही ठोका निघेना. निघत होती ती ठकठक. जावईबुवांनी मग आपली फिटरची विद्या बाहेर काढली. जिनिंगमध्ये बेअरिंगचा आजार शोधायला ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवत. तसंच आता गाडीचा एकेक पत्रा तपासायला लागले. भर बसस्टँडवर, दुपारी बारा वाजता, एक पोक्त माणूस गुडघ्यांवर बसून गाडीच्या दाराला स्क्रूड्रायव्हर लावून डोळे मिटून ऐकतो आहे आणि आत सवाऱ्या खोळंबल्या आहेत, हे दृश्य दिग्रसकरांनी अनेकदा पाहिलं. मीही पाहिलं. शाळेतून येताना, छत्री आडवी धरून, ओळख न दाखवता. थरथरणाऱ्या प्रत्येक पत्र्यामागे त्यांनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. नंबरप्लेटखाली रबर, दाराच्या पोकळीत डांबरी कागद. ठकठक गेली, ठोका आला नाही. "हवा कमी हाय," इस्माईलभाई पुन्हा म्हणाले. मग जाता जाता त्यांनी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगितल्याबद्दल मी त्यांना अजून पूर्ण क्षमा केलेली नाही. पेटीत कापसासारखं काही मऊ, सैल भरलं तर लहान पेटी मोठीसारखी वागते, म्हणाले. आवाजाला आत जास्त जागा आहे असं वाटतं.

कापूस! त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात दुसरं होतं काय? आमच्याच पुढच्या खोलीत, माझ्या नवऱ्याच्या पाच एकरांचा कापूस, भाव येईल म्हणून छतापर्यंत रचलेला होता. दिवाणावर जायला वाट नव्हती. पाहुणे दारातून परत जात. शिवाय घरात साठलेल्या कापसाने अंगाला जी खाज सुटते ती ज्याने अनुभवली त्यालाच कळेल. आम्ही नवराबायको जेवतानाही दंड खाजवत असायचो. अशा घरी जावईबुवा येऊन म्हणाले, "ताई, जराकसा कापूस पाह्यजे होता." मी आनंदाने त्यांना पोतंभर नेऊ दिला. त्या दिवसाच्या यादीत नसलेलं, पण झालेलं ते एकमेव काम. आता लक्षात घ्या, ज्या माणसाने वीस वर्षं कापसातून सरकी वेगळी करण्याच्या यंत्रांवर काढली, त्या माणसाने पेटीत कापूस भरला तो सरकीसकट. उतावीळपणा दुसरं काय! पहिल्याच फेरीत ठोक्याबरोबर सरकी नाचायला लागली. आतून असा आवाज यायचा की जणू कोणी खिचडीच्या भांड्यात खडे ढवळतंय. आणि सरकी म्हणजे उंदरांचं पक्वान्न. व्हॅन अंगणात उभी असायची, पेटीला वायरसाठी भोक होतंच. आठवड्याभराने, आर्णीच्या बाजाराची गर्दी घेऊन गाडी निघालेली असताना, जावईबुवांनी आवाज वाढवला आणि ठोका पडताच सीटखालून एक उंदीर बाहेर आला. दुसऱ्या ठोक्याला दुसरा. समोरासमोरच्या बाकांवरच्या नऊ माणसांनी एकाच वेळी पाय वर घेतले. त्या व्हॅनमध्ये पाय वर घ्यायला जागा नव्हती, तरी घेतले. एक बाई नवऱ्याच्या मांडीवर चढली ती उतरायलाच तयार होईना. "गाडी थांबवा! अहो थांबवा!" असा कल्लोळ झाला आणि जावईबुवा शांतपणे पाव मैल पुढे गेले, कारण खांद्याला हात लावायला कोणाचा हात मोकळा नव्हता. तक्रारींच्या पानावर ती नोंद मी लाल शाईने केली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना चार शब्द सुनवायचे ठरवून गेले. चारही शब्द लिहून घेतले होते. ओसरीवर पेटी उघडी पडली होती आणि जावईबुवा आणि कुंदा समोरासमोर बसून कापसाच्या बोंडातून बोटांनी सरकी काढत होते. एका बाजूला सरकीचा ढीग, दुसऱ्या बाजूला रुईचा. जावईबुवांच्या भुवयांवर पुन्हा रुई चिकटली होती. त्या हंगामात दिग्रसमध्ये जिनिंग म्हणून जे काय झालं ते बहुधा एवढंच. माझे चार शब्द मी पदरात ठेवले. उभं राहून कंटाळा आला म्हणून खाली बसले आणि हात रिकामे राहू नयेत म्हणून मीही काढू लागले. दोन तास गेले. त्या दोन तासांची नोंद मी कुठे केलेली नाही.

रुई भरल्यावर, पेटीचं भोक पुटीने बुजवल्यावर आणि इस्माईलभाईंच्या सल्ल्याने पेटीचं तोंड गाडीच्या मागच्या कोपऱ्याकडे वळवल्यावर ठोका आला. मान्य करायला जड जातं, पण आला. अकरा लिटरच्या पेटीतून असा आवाज यायला लागला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी व्हॅन वळली की माझ्या स्वयंपाकघराच्या मांडणीवरची स्टीलची ताटं एकमेकांवर वाजू लागत. गाणं ऐकू येत नसे, व्हॅन दिसत नसे, आधी ताटं वाजत. साडेपाचच्या सुमाराला ताटं वाजली की मी चडफडत चहाचं आधण ठेवायची, एक कप जास्तीचं. जावयाला बिनचहाचं कसं पाठवायचं? ते येत, पाणी पीत, चहा पीत आणि विचारत, "आज कसा वाटला?" मी म्हणायची, "ताटं फुटतील." त्यांना ती शाबासकी वाटे.

चौथ्या हंगामाच्या सुरुवातीला मला बातमी लागली. पांढरकवड्याजवळ हमरस्त्यावर एक नवं जिनिंग उभं राहिलं होतं आणि मालकाला अनुभवी फिटर हवा होता. यावेळी मी 'पाहू ना' ऐकणार नव्हते. परस्पर निरोप धाडला, दिवस ठरवला आणि कुंदाला सांगायला गेले. ती आनंदेल असं मला वाटलं होतं. तिने हातातलं पीठ परातीत टाकलं आणि म्हणाली, "ताई, नको पाठवू व. त्याईची फजिती होईन."

"काहून? वीस वर्षं केलेलं काम आहे."

"त्याईले ऐकू येत नाही."

मी म्हटलं, "एवढ्या मोठ्याने लावल्यावर..."

"पेटीनं नाही, ताई. पेटी तर आता आली. जिनातच जाऊन राह्यलं होतं. डॉक्टरनं सांगतलं, बारीक आवाज गेले, जाड तेवढे राह्यले. कुकरची शिट्टी नाही येत त्याईले. माहा आवाज बी पुरा नाही येत. ठोका तेवढा येते." मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "कोणाले सांगू देत नाही. म्हणते, ऐकू न येणाऱ्या फिटरले कोण ठेवीन?"

मी घरी आले. वही काढली. तक्रारींचं पान उघडलं. सीडी अडकलेली कळली नाही. ओरडलं तरी थांबत नाहीत. भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतात. तीन वर्षं मी स्वतःच्या हाताने, तारखेसह, एकच गोष्ट लिहीत होते आणि एवढ्या नीटनेटक्या पानावरून मला ती वाचता आली नव्हती. पण मी रडत बसणाऱ्यांपैकी नाही. दुसरं पान उलटून नवी यादी केली. एक, मी सोबत जायचं. दोन, त्यांच्या उजव्या हाताला उभं राहायचं, मालक काय बोलतो ते मोठ्याने पुन्हा म्हणायचं. तीन, त्यांना बोलू द्यायचं नाही. यादी पक्की होती. अशी पक्की यादी इतकी वाया गेलेली मी दुसरी पाहिलेली नाही.

फाटकापाशीच गडबड झाली. मालक धिप्पाड, घाईतला माणूस. त्याने विचारलं, "कुठून आलात?" आणि मी तोंड उघडायच्या आत जावईबुवा म्हणाले, "वीस वर्षं." मालकाच्या कपाळाला आठी पडली. त्याने आम्हांला थेट आत नेलं. आत दोन रांगांनी यंत्रं चालू होती. असा गदारोळ की मला माझाच आवाज ऐकू येईना. मालक माझ्या कानाशी ओरडला. मी म्हटलं, "काय?" तो पुन्हा ओरडला. मी पुन्हा, "काय?" आणि जावईबुवांनी मला हाताने बाजूला केलं. तिथले कामगार हातांच्या खुणांनी बोलत होते, जिनिंगमध्ये तसंच बोलतात. एका कामगाराने दोन बोटं उभी केली, मूठ फिरवली, सरकी दाखवली. जावईबुवांनी मान हलवली. मग मला सावकाश समजावलं, तेही खुणेने, कारण बहिरी तिथे मी होते: एक यंत्र सरकी फोडतंय, आठ दिवस झाले, कोणतं ते कळत नाही.

जावईबुवांनी चपला काढल्या. दाराशी एकावर एक नीट ठेवल्या आणि अनवाणी पायांनी रांगेतून चालू लागले. ताठ. कुंदा म्हणायची तसे. एका यंत्रापाशी थांबत, पुढे जात. दुसऱ्या रांगेत सातव्या यंत्रापाशी थांबले, तळवा त्याच्या अंगावर ठेवला, डोळे मिटले आणि दुसरा हात वर केला. यंत्र बंद झालं. ते उघडायला लावून त्यांनी आत हात घातला. सरकी सोडवणारी सुरी हलवणाऱ्या दांड्याचा एक बोल्ट इतका सैल होता की बोटांनी फिरत होता. बाहेर आल्यावर ते मालकाला म्हणाले, "त्याचा ठोका लंगडा होता." मालक काहीतरी बोलला. जावईबुवा नुसते हसले. तो पुन्हा बोलला. पुन्हा नुसतं हसू. मालकाने माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, ह्यांना ऐकू कमी येतं का?"

माझी यादी इथे संपली होती. खोटं बोलावं असं फार वाटलं. कुंदाची परात डोळ्यांसमोर आली. पण मी आयुष्यात चुकीची नोंद केलेली नाही. म्हटलं, "हो. बारीक आवाज ऐकू येत नाहीत. जाड येतात."

मालकाने आतल्या धडधडाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इथं बारीक आवाज हाय कुठं, बाई?" म्हणाला. "उद्यापास्नं या म्हणा."

मी जावईबुवांकडे वळून खुणेने सांगितलं. उद्या. या. इथं. त्यांना पहिल्या खुणेतच कळलं. तरी मी तिसऱ्यांदाही केली.

घरी आल्यावर त्या पहिल्या ओळीवर काट मारली. जोरात मारली, पुढची दोन पानं फाटली. महिन्याभरात कुंदा आणि ते पांढरकवड्याला बिऱ्हाड करून राहिले. व्हॅन एका बाभुळगावच्या माणसाने घेतली आणि पहिल्याच दिवशी, अगदी समंजसपणे, पेटी बाहेर काढून एक सवारी जास्त बसवली. जावईबुवांनी ती पेटी माझ्याकडे आणून दिली. आता कापूस गेलेल्या पुढच्या खोलीत ती आहे. मी तिच्यावर जुन्या वह्या ठेवते. उपयोगाची वस्तू आहे, उंचीला बरोबर येते. गावातलं जिनिंग अजून बंदच आहे. टेबलावरच्या पेल्यात पाणी स्थिर असतं.

परवा संध्याकाळी साडेपाचला ताटं वाजली. मी हातातलं काम टाकून उठले, तांब्या भरला, आधण ठेवलं. गल्लीच्या तोंडाशी पाहिलं तर सिमेंटचा ट्रक वळत होता. तो गेला, ताटं थांबली. आधण एका कपाने जास्त झालं होतं.